तुमचा शर्ट घालून चंद्रीला तपासलं

प्रिय बाबा,

माणूस गेलेलं जनावराला कळतं का हो? काल धार काढताना आईने विचारलं. घरातली पहिली पदवीधर, तीही जनावरांची डॉक्टर, आणि गोठ्यात नुसता चारा सारखा करत राहिले! तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "आमच्या डॉक्टरणीला पेशंट फी देत नाय, लाथ देतो." तुम्हालाच विचारावं म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात आणि काही दिवसांतच चंद्रीने खाणं सोडलं. चाऱ्याला तोंड लावायची आणि बाजूला व्हायची. भेटायला येणारी माणसं आधी तुमच्या फोटोपुढे बसायची, मग गोठ्याच्या दारातून तिच्याकडे बघून हळहळायची. शेजारची सुमनमामी म्हणाली, "म्हशीला दुख झालाय गो. तिला कशाला सुया टोचतेस? ऱ्हाव दे." आईलाही तेच वाटत होतं. आणि मलाही ते हवं होतं, बाबा. माझ्यासारखाच आणखी कुणाला तरी घास जात नाही, याचा केवढा आधार होता!

पण तिची पाठ कमानीसारखी वर आली होती. ते बघूनही गप्प कशी बसू?

ती दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. एवढी सवय का लावलीत तिला स्वतःची? तळोज्याच्या कारखान्यातली पाळी संपवून यायचात, निळ्या चौकड्यांचा शर्ट चढवायचात, तेव्हाच ती पान्हा सोडायची. तुम्ही आजारी असलात की आई तोच शर्ट घालून धार काढायची. म्हणून मीही घातला. आईने तो अजून धुतलेला नाही.

चंद्रीने बाहीला नाक लावलं आणि शांत उभी राहिली.

आधी लांबूनच तिचा श्वास पाहिला. मग थर्मामीटर लावला; अंगात थोडा ताप होता. खालची पापणी ओढून डोळा पाहिला. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरली. निरोगी म्हशीचं पोट तिथे थोड्या थोड्या वेळाने मुठीला ढकलतं. तिचं जेमतेम हललं. मग स्टेथोस्कोप लावला. अंगावर तुमचा वास, कानात तिच्या काळजाचे ठोके. तुमचे मी कधीच ऐकले नाहीत. तपासू म्हटलं की "मी काय म्हैस हाय?" म्हणून हसायचात. छातीत दुखत होतं ते मला का नाही सांगितलंत, बाबा?

शेवटी तिच्या खांद्यांमधला उंचवटा दोन्ही हातांनी घट्ट चिमटीत धरला. धडधाकट म्हैस असं केलं की पाठ खाली सोडते. चंद्री ताठ राहिली आणि कण्हली. पोटात काहीतरी टोचत होतं तिला.

रोग कळला याचं बरं वाटायला हवं होतं. मी गव्हाणीला टेकून रडले. दुःखात सोबत आहे असं वाटत होतं, ती सोबतही खोटी निघाली.

मी ज्यांच्या हाताखाली काम करते ते मोठे डॉक्टर पनवेलहून आले. शर्ट घालून मी तिला धरलं. कूस बधिर करून त्यांनी ती उभ्या उभ्याच उघडली, आत हात घातला आणि बारीक तार बाहेर काढली. तिला फुलं बांधायच्या हिरव्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटलेला होता. मी लगेच ओळखली. तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांनी फोटोपुढे ठेवलेल्या पुष्पचक्राची होती ती. तुमची फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून आईने सगळीच चंद्रीला घातली होती. "त्यांची लाडकी हाय, तिलाच देते," म्हणाली होती.

"कसली तार होती गो?" आईने विचारलं.

"कुंपणाची असेल," मी म्हणाले. तुम्ही तिला खरं सांगितलं असतंत?

चंद्री आता खाते, निवांत रवंथ करते. दूध मात्र शर्टाशिवाय अजूनही देत नाही. त्यामुळे आईचा प्रश्न तसाच राहिलाय, आणि तो कुठे हात लावून तपासायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

एक शब्द देते. गावात ज्या घरी माणूस जाईल आणि गोठ्यात जनावर असेल, तिथे हारांतल्या तारा काढायला मी जाईन. कुणी हसलं तरी जाईन.

आपल्या घरापासून सुरुवात केलीसुद्धा. आज तुम्हाला जाऊन महिना झाला, पण बाजारचा हार आणला नाही. झेंडू मीच साध्या दोऱ्यात ओवले. संध्याकाळी फोटोवरून हार उतरवला, दोरा ओढून काढला आणि फुलं आईच्या ओंजळीत दिली. तिने ती स्वतःच्या हाताने चंद्रीला चारली.

तुमचीच,
डॉक्टरीण