फॅटचा तक्ता

नारिन, १४ जानेवारी २०१९

ती. बेर्मेत एजेस,
धाकटा भाऊ कुबात याचा सा. न. वि. वि.

टॅक्सीवाल्या तालायने तुझं पार्सल पोचवलं. हातमोजे धाकटीला बसले. थोरल्याची बोटं बाहेर येतात, पण तो हट्टाने तेच घालून शाळेत जातो.

आता वाईट बातमी. नव्या करपत्रकासाठी आमच्या दूध संघात हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. तुझ्या ऑफिसातल्या आयदानाने फोनवर सांगितलं तसंच सगळं केलं. करपत्रक झकास निघालं, पण तू आमच्यासाठी लिहून दिलेला फॅटचा तक्ता बंद पडला. तीन फॅटचं गाईचं दूध आणि सात फॅटचं याकचं दूध आता एकाच भावात बसतं. डोंगरावरचे याकवाले रोज माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहतात.

अध्यक्ष सायरागुल आपा म्हणाल्या, तुझी बहीण विद्यापीठात खुल्या सॉफ्टवेअरवर भाषणं छान ठोकते, तिला म्हणावं जरा गोठ्यात उतरून बघ. २ मार्चच्या वार्षिक सभेपर्यंत तक्ता सुरू झाला नाही, तर संघ राजधानीतल्या बड्या कंपनीचा बंदिस्त प्रोग्रॅम घेणार. तुझ्यासाठी शब्द मी टाकला होता, हे तुला माहीत आहे.

एक विचारतो. हे सॉफ्टवेअर जगभरची हजार माणसं सांभाळतात म्हणतेस ना? मग आमचा तक्ता मोडतोय हे त्या हजारांतल्या एकालाही कसं दिसलं नाही? आयदानाला विचारलं तर तिने हवापाण्याची चौकशी केली.

लोभ असावा, आणि उत्तरही असावं.
तुझा
कुबात

बिश्केक, २१ जानेवारी

चि. कुबात यास अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाने दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्या हजारांना तक्ता दिसला नाही, कारण मी तो त्यांना दाखवलाच नाही.

आठ वर्षं मी सांगत आले की ज्या हिशेबाचं पोट उघडून बघता येत नाही, तो हिशेब तुमचा नव्हे. तुम्ही त्याचे भाडेकरू. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण तक्ता लिहून झाला तेव्हा मनात आलं, हा सॉफ्टवेअरच्या सगळ्यांना खुल्या साठ्यात दिला तर आमच्याच गल्लीतला, माझ्याच धंद्यातला एमिल उद्या तोच घेऊन माझ्या डेअऱ्यांच्या दारात जाईल. म्हणून माझ्यापाशीच ठेवला. साठ्यात असता, तर नवी आवृत्ती करणाऱ्यांनी तोही बरोबर दुरुस्त केला असता. आता अकरा डेअऱ्यांत अकरा तऱ्हांचे तक्ते पडलेत आणि निस्तरायला मी आणि आयदाना. मार्चपर्यंत चार होतील.

ऐकून ठेव. त्याच बड्या कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे. तुमचा संघ गेला की बाकीचे दहाही जातील. तसं झालं तर मार्चअखेर ऑफिसला कुलूप लावून त्यांचा प्रोग्रॅम विकायला बसेन.

बायकोला विचारल्याचं सांग. तुझा राग उतरेपर्यंत माझी माया तारण ठेव.
बेर्मेत

नारिन, २८ जानेवारी

ती. एजेस सा. न. वि. वि.

पत्र बायकोने वाचलं. ती म्हणते, दुसऱ्याला कपाट उघडायला सांगायचं आणि आपलं कुलूपबंद ठेवायचं, याला आमच्या माहेरी सासूपणा म्हणतात. थोरल्या बहिणीला हे मी कसं म्हणू, म्हणून तिचं नाव घातलं.

आपल्या वडिलांनी, अतांनी, घराचं छप्पर घातलं तेव्हाचा अशार आठवतो? अख्खी आळी मातीच्या विटा पाडायला आली होती. पाटाच्या पाण्यावरून ज्याच्याशी दोन वर्षं अबोला होता, तो जुमाबेकसुद्धा फावडं घेऊन आला. आपणहून नाही आला. अता स्वतः त्याच्या दारात गेले होते. अशारला माणूस निरोपाने येत नाही, दारात जाऊन बोलवावा लागतो. मग वैरी असला तरी नाही म्हणत नाही. एमिलचं दार तुझ्यापासून किती पावलांवर आहे?

सभेला पाच आठवडे आहेत. उलट बोललो ते पोटात घाल, माया वरच राहू दे.
कुबात

बिश्केक, १७ फेब्रुवारी

चि. कुबात यास अ. उ. आ.

गेले. ताटभर बोरसोक तळून घेऊन गेले, मयताच्या घरून वाटतात तसे. एमिलने दार उघडलं, आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, कोण वारलं?

मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की चहा सांडला. मग त्याने आपला संगणक माझ्याकडे फिरवला. त्यानेही तीन डेअऱ्यांसाठी फॅटचा तक्ता लिहिलेला, माझ्या भीतीने दोन वर्षं दडवलेला, आणि त्याच आवृत्तीने मोडलेला. दोन शहाणे एका गल्लीत एकच विहीर दोनदा खणत होते, आणि दोघांचंही पाणी गढूळ.

गेल्या शनिवारी माझ्या ऑफिसात अशार झाला. आम्ही नऊ जण होतो. मी बेशबर्माक शिजवलं. मीठ जास्त पडलं, ते सगळ्यांनी सांगितलं. एमिलचा हिशेब माझ्यापेक्षा नेटका होता, म्हणून त्याचाच ठेवला. हे लिहिताना हात जड होतो. तक्ता सगळ्यांसमोर ठेवल्यावर मूळ साठा सांभाळणाऱ्या एका बाईंनी आधी आमच्या सात चुका काढल्या आणि मग तो स्वीकारला. आता तो सगळ्यांचा.

उद्या आयदाना तुमच्याकडे चढवेल. याकच्या दुधावर पडताळ, गाईच्या नको. सभेत कोणी विचारलं की बेर्मेत उद्या नसली तर काय, तर एमिलचं नाव सांग. बेलाशक सांग.

आशीर्वाद नेहमीचेच, धाकधूक मात्र नवी.
बेर्मेत

नारिन, ३ मार्च

ती. एजेस सा. न. वि. वि.

तक्ता बरोबर चालतो. याकवाल्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, मग टोप्या सारख्या करून घरी गेले.

सभेत सायरागुल आपांनी नेमकं तेच विचारलं आणि मी एमिलचं नाव सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे माणूस बदलला तरी आपली वही आपल्याकडेच राहते? मी हो म्हणालो. बंदिस्त प्रोग्रॅम घ्यायचा ठराव तिथेच पडला.

पुढचं लिहायला तीन कागद फाडले. आपा म्हणाल्या, मग एमिललाच का नको, त्याचंच काम करणारी त्याची मुलगी नारिनमध्येच असते, हाक मारली की येते. वर्षभराची देखभाल त्याला दिली. त्या ठरावाला मी हात वर केला नाही. पण तुझ्या बाजूने बोलायला तोंड उघडलं तर मला तुझीच भाडेकरूची वाक्यं आठवली, हिशेब संघाचा तर माणूसही संघानेच निवडायचा, आणि मी खाली बसलो.

आता कुलूप लावशील का? कसंही असलं तरी धाकट्याला परका करू नकोस.
कुबात

बिश्केक, ९ मार्च

चि. कुबात यास अ. उ. आ.

पहिला अर्धा तास रडले. मग आयदानाने तलासच्या चीज करणाऱ्यांची आणि सीमेपलीकडच्या दोन कझाक डेअऱ्यांची पत्रं समोर ठेवली. तक्ता त्यांनी साठ्यात पाहिला, खाली माझं नाव वाचलं, आणि शिकवायला याल का विचारतात. बाकीचे दहा संघ जागचे हलले नाहीत. कंपनीला नकार कळवला. जागा आणखी वर्षभर ठेवली आहे. सोपं जाणार नाही, पण मान वर करून जाईल.

तू खाली बसलास ते बरं केलंस. बोलला असतास तर मला तुझी लाज वाटली असती, आणि थोडं बरंही वाटलं असतं.

तालायबरोबर बंद पाकीट देते. त्यात तुमच्या संघाच्या हिशेबाचा मुख्य पासवर्ड आहे. एमिलच्या मुलीला समोर बसवून पाकीट फोड आणि त्याच मिनिटाला पासवर्ड बदल. नवा मला कळवू नकोस. मी विचारला, तरी सांगू नकोस.

मुलांना पापे. बहीण म्हणून दार उघडंच आहे.
तुझी एजे
बेर्मेत