रविवारचं कार्ड

तात्या, मी गोल्फ खेळायला लागलेय आणि मला तुमचा भयंकर राग आलाय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते सांगते, पण आधी गोल्फ म्हणजे काय तेच सांगायला लागेल, कारण तुम्ही होतात तेव्हा बारामतीत हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडात नव्हता. लिंबाएवढा पांढरा चेंडू असतो आणि खाली लोखंडी पातं बसवलेली लांब काठी. चेंडू मारत मारत न्यायचा आणि लांबच्या एका भोकात घालायचा. जितके कमी फटके, तितकं चांगलं. बस. ऐकायला विटीदांडूपेक्षा सोपं. आमच्या कंपनीनं पिंपळीच्या बाजूच्या माळावर सहा भोकांचं मैदान केलंय. टीव्हीवर दाखवतात तसं हिरवंगार वगैरे काही नाही. भोकाभोवती जुनं तेल ओतून दाबलेली काळपट वाळू, बाकी सगळीकडे मुरूम, कुसळं, बाभळी, मधे एक ओढा, आणि दिवसभर चरणारी मेंढरं, ज्यांना कंपनीची हद्द कुठं सुरू होते ते कळत नाही. तुम्ही आला असतात तर खेळ राहू दे, आधी मेंढरंच बघितली असती. कुठलं लंगडतंय, कुणाच्या खुरात काटा गेलाय, ते पाच मिनिटांत सांगितलं असतं.

मी कंपनीत कॉम्प्युटरवर असते. मागच्या साहेबांची बायको परत जाताना तिच्या काठ्यांची पिशवी क्लबच्या खोलीत सोडून गेली, आणि ती पिशवी बघितल्यापासून मला चैनच पडेना. तुम्हाला माझा स्वभाव माहितीय. सायकलच्या वेळी काय केलं होतं मी, गुडघे फुटले तरी उतरले नव्हते. तसंच. सकाळी साडेसहाला स्कूटीवरून माळावर, आठला घरी, नऊला ऑफिस. एक वही केली, त्यात टिपा लिहायला लागले. सलवार नको, पॅन्ट घाला, कारण कुसळं. ओढणी तर मुळीच नको. लांब काठीचा मोह नको, भोकाजवळून सुरुवात करा आणि मागं मागं सरका. चेंडू कुठं गेला ते बघायला लगेच मान वर करायची नाही, मान वर झाली की चेंडू जागेवरच. आणि चेंडूला लागलंच नाही, काठी नुसती हवेतून गेली, तरी तो फटका मोजायचा. कुणी बघो न बघो. पहिल्या महिन्यात माझे निम्मे फटके हवेतलेच होते, तात्या. तीन महिने झाले तरी माझा चेंडू एक तर खरडत वीस पावलं जायचा, नाहीतर उजवीकडे वळून थेट ओढ्यात. रोज. मी एकदा काठी फेकून दिली आणि मग ती बाभळीत अडकली म्हणून रडले.

मैदान बघायला एक रिटायर हवालदार आहेत, पिंपळीचेच. तरुणपणी छावणीत साहेब लोकांच्या पिशव्या उचलता उचलता खेळ शिकले. पांढऱ्या मिश्या, डोक्याला टॉवेल, आणि बोलायला अजिबात घाई नाही. मला म्हणाले, "ताई, काठी अशी का दाबताय? ती काय पळून चालली का? कोथिंबिरीची जुडी धरल्यासारखी धरा. दाबली की काळी पडती." हे वहीत लिहिलं. तरी चेंडू ओढ्यातच. मग एक दिवस ते माझ्या समोर उकिडवे बसले आणि दहा फटके नुसते माझे हात बघत राहिले.

"तुमचा उजवा हात लई शहाणा हाय," ते म्हणाले. "त्याला गप बसवा. ह्या खेळात डावा हात वर असतो. वढतो तो डावा. उजवा नुसता सोबतीला. तुमचा डावा तर पाव्हण्यासारखा अंग चोरून बसलाय."

मी म्हटलं, "मी उजव्या हाताचीच आहे, हवालदार."

"न्हाय. पाणी पिताना बघितलंय मी. बाटलीला पहिला डावा जातो, मग तुमी त्याला मागं घेता. तुमी डावऱ्या हाय."

मी हसले. स्कूटीवर घरी येईपर्यंत हसू गेलं. आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिला मैदानाचं काहीच पटत नाही. रोज एक टोमणा तयार असतो. "आली का? तुझ्या तात्यानं उभा जल्म काठी घेऊन माळ तुडवला, का तर पोरगी सावलीत बसावी. आन् तू सकाळच्या पारी उठून माळावरच जाती. निदान त्यांच्यामागं मेंढरं तरी हुती." मी विचारलं, "आई, मी लहानपणी डावरी होते का?" तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपल्याचा वास सुटला, तरी तिनं बघितलं नाही. "व्हय," एवढंच म्हणाली. मग करपलेली भाकरी बाजूला टाकत, "आता कशाला ते?"

आणि तेवढ्या एका शब्दानं मला सगळं आठवलं. विसरले नव्हतेच बहुतेक, बाजूला ठेवलं होतं. गावाकडचं, निरवांगीचं आपलं स्वयंपाकघर, चुलीच्या उजेडात तुम्ही मांडी घालून बसलाय. त्याच वर्षी मेंढरं विकून तुम्ही दुधाच्या टेंपोवर ड्रायव्हर झालायत आणि मला बारामतीच्या इंग्लिश स्कूलमध्ये घालायचं तुमच्या डोक्यात बसलंय. दिवाळीची सुट्टी. समोर पाटी. माझा डावा हात तुम्ही तुमच्या मुठीत धरून ठेवलाय आणि मी उजव्या हातानं इंग्रजी ए काढतेय. ए पडतोय, लोळतोय. तुम्ही ओरडत नाही. नुसता हात धरून ठेवताय, रोज, दिवेलागणीपासून जेवणापर्यंत. तुमचा तळहात खरखरीत आणि गरम. मला तेव्हा तो खेळ वाटायचा. सुट्टी संपेपर्यंत ए सरळ उभा राहिला, आणि तुम्ही आईला पाटी नेऊन दाखवलीत.

पण मग जत्रेतलं जेवण आलं. मी दुसरीत असेन. पंगतीत मीठ वाढायचं काम माझ्याकडे होतं आणि मी हरखून गेले होते. तुमच्या थोरल्या चुलत्यांच्या पानावर मी मीठ वाढलं. डाव्या हातानं. लक्षातच आलं नाही. म्हातारा पानावरून उठला. पान तसंच टाकून. सगळी पंगत थांबली. कुणीतरी म्हणालं, "विंग्रजी शाळंत ह्येच शिकिवत्यात का?" आणि तुम्ही, ज्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं, ते उठून आलात आणि सगळ्यांसमोर माझ्या डाव्या हातावर मारलंत. गालावर नाही, पाठीवर नाही. त्या हातावरच. त्या दिवसापासून तो हात मी परत कुणाला दिसू दिला नाही. चौथीत पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही मला घड्याळ आणलंत, डाव्या मनगटावर स्वतः बांधलंत आणि म्हणालात, "ह्या हाताला बी कायतरी काम असू दे." मला किती आवडलं होतं ते! आता आठवलं की वाटतं, तुम्हाला माहिती होतं. काय केलंत ते तुम्हाला चांगलं माहिती होतं. मग बोलला का नाहीत? माझ्या आठवीत तुम्ही गेलात. चार वर्षं होती तुमच्याकडे. एक वाक्य पुरलं असतं.

मला माहितीय, तुमच्यापुढे पंगत होती, भावकी होती. मी पंचवीस वर्षांची झाले, एवढं मला कळतं. पण कळून राग जात नाही, त्याला मी काय करू? रोज सकाळी माळावर उभी राहते आणि माझेच दोन हात एकमेकांशी भांडतात. ज्याला काम यायचं त्याला तुम्ही गप केलं, आणि ज्याला शिकवलं तो इथं नको तिथं पुढं पुढं करतो. डावऱ्या लोकांसाठी उलट्या काठ्या मिळतात म्हणे. इथं पिशवी एकच. त्याच काठ्यांवर डाव्याला परत बोलवायचं. हवालदारांनी उपाय दिला. उजवा हात खिशात घालायचा आणि एकट्या डाव्यानं, छोट्या काठीनं, रोज पन्नास चेंडू. मनगट सुजलं. आईनं हळद लावली आणि लावताना एकदाही टोमणा मारला नाही. ते मला जास्त लागलं.

त्यातच क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी नोटीस लावली. मैदानावर रविवारी गर्दी होते, म्हणून नवशिक्या "लेडीज"नी रविवारी खेळायचं असेल तर आधी परीक्षा. तीन भोकं, जास्तीत जास्त एकवीस फटके. पास झालं तर रविवारचं कार्ड. नापास झालं तर फक्त सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार. त्या वेळात मी ऑफिसात! आणि सकाळचं येणंही बंद. म्हणजे खेळच बंद. लेडीज म्हणजे तरी कोण, मी एकटीच. अकाउंट्समधले दोन पुरुष माझ्यानंतर आले, एकानं तर साहेबांच्या गाडीची काच फोडली, त्यांना परीक्षा नाही. मी विचारायला गेले. साहेब हसून म्हणाले, "अहो, तुमच्या भल्यासाठीच. कुणाला चेंडू लागला म्हणजे?" मी म्हटलं, "काच तर मी नाही फोडली." त्यावर त्यांनी फायलीत डोकं घातलं. बाहेर आले तर आमच्या ऑफिसातल्या दोघीजणी दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "तू पास झालीस ना, तर आम्हीपण येणार." आता हे वर आणि ओझं.

परीक्षेच्या दिवशी हवालदार बरोबर चालत होते, हातात कागद पेन्सिल. साहेब तिसऱ्या भोकाजवळ पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून. पहिल्या भोकाला चेंडू ओढ्यात. आठ फटके. माझे कान गरम झाले. दुसऱ्याला मी डोळे मिटून मनात नुसतं डावा, डावा म्हणत राहिले आणि सहा झाले. हवालदार म्हणाले, "अजून सात हायत तुमच्याकडं. लई झाले. दम खा." तिसऱ्याचा पहिलाच फटका बाभळीमागं. मी तिथं पोचते तोवर मेंढरांचा अख्खा घोळका तिसऱ्या भोकाच्या वाळूवर चढला. साहेब खुर्चीवरून ओरडायला लागले, हवालदार टॉवेल हलवत तिकडं पळाले. मी एकटी बाभळीआड. पाय नीट रोवले. काठी उचलली. आणि उजव्या हातानं झडप घातली. काठी हवेतून गेली. चेंडू तिथंच.

कुणी बघितलं नाही. मी परत उभी राहिले. आणि मग, तात्या, असा फटका बसला की हातांना काही लागल्यासारखंच वाटलं नाही. डावा हात नुसता निघाला आणि उजवा निमूट त्याच्या मागं गेला. चेंडू बाभळीवरून, मेंढरांवरून, थेट वाळूच्या कडेला. हवालदार तिथून ओरडले, "आरं वाह वा, ताई!" साहेबसुद्धा उभे राहिले. एवढं होऊनही मी पुढं माती खाल्ली, दोन पावलांवरून तीनदा चुकवलं, आणखी एकदा वाळूवर मेंढराची लेंडी मधे आली. शेवटी चेंडू भोकात पडला. हवालदारांनी कागद पुढं धरला. "बाभळीमागं मी नव्हतो. तुमीच सांगा. किती?"

मी म्हटलं, "सात."

त्यांनी सात लिहिलं, खाली एकवीस लिहिलं, आणि साहेबांकडे नेऊन दिलं. त्यांनी एक क्षणही माझ्याकडे शंकेनं बघितलं नाही. मला कार्ड मिळालं. त्या दोघीजणी पुढच्याच सोमवारपासून सकाळी यायला लागल्या, आणि साहेबांनी परीक्षेची नोटीस काढून टाकली. दोघींना वाटतं ते माझ्यामुळं झालं. हवालदार सगळ्यांना बाभळीवरचा तो फटका हातवारे करून सांगतात. आईनं शेजारणीला सांगितलं. बुधवारी मी ठरवून हवालदारांकडे गेले होते, खरं सांगायचंच म्हणून. ते त्या दोघींना कोथिंबिरीची जुडी समजावत होते आणि तिघंही हसत होती. मी चेंडू घेतले आणि पलीकडे जाऊन मारत बसले. एकही नीट बसला नाही.

तो हवेतला फटका तुम्ही शिकवलेल्या हाताचा होता, असं मी लिहिणार होते. म्हणूनच हे पत्र काढलं. चार पानं तुमच्यावर ढकलत आले. पण "सात" म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, आईलाही वाचून दाखवायचं नाही. आठ होते, तात्या. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता कुणाला सांगू शकत नाही.