भग्याने मान वळवली नाही

२० ऑगस्ट २०००
टोकावड्याच्या गणपती मंडळाची दोन पोरं आली. यंदा देखावा म्हणे त्यांच्या गावच्या भगवानचा, गेल्या वर्षी लढाईत त्याने क्षेपणास्त्र डागलं तो. मी शेजारी होतो म्हणून माहिती पाहिजे. मंडपभर तार ताणलीय, तिच्यावरून ते सुर्रकन जाऊन रणगाड्यावर आदळणार! म्हटलं, रणगाडा कुठला? दगडी बंकर होता. आणि तार पुढे नसते रे, क्षेपणास्त्राच्या मागून सुटत जाते, तिच्यातूनच त्याला दिशा मिळते.
"दादा, रणगाडा कापून झालाय. पुठ्ठा वाया जाईल."
आणि मी?
"तुमी पण हायत ना. उभे, सॅल्यूट ठोकताना. पडलेला दाखवला तर लोकांना बरं नाय वाटत."
उभा! दोन्ही पायांवर! शिव्या घालून हाकलले. सुमनचा चहा तसाच राहिला.

२३ ऑगस्ट
लाकडी पाय घासून जखम झाली. काढून कोपऱ्यात फेकला. सुमन म्हणते, "तुमचा राग मंडळावर नाय, भगवान भावजींवर हाय."
आहेच. डागल्याचा धूर दिसला की समोरचा शत्रू तिथेच मारा करतो. आणि क्षेपणास्त्र पोचेपर्यंत डागणाऱ्याने दुर्बिणीतली फुली निशाणावरून हलवायची नाही. मान वळली की ते भरकटलं. हे भग्याला मीच शिकवलं, पलटणीत त्याच्याआधीचा ना मी. शेजारी बाप मेला तरी बघायचं नाही, हे माझेच शब्द. त्या माऱ्यात माझा पाय गेला, मी पडलो, हाक मारली. त्याने बघितलं नाही. बंकर उडाला, बरीच पोरं वाचली.
बरोबर वागला. म्हणून तर जास्त डोकं फिरतं. चुकला असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

२ सप्टें.
मेहुणा टोकावड्याला जाऊन आला. देखाव्याच्या उद्घाटनाला भग्या गेलाच नाही. गाव चिडलंय. बरं झालं!
...कसलं बरं.

५ सप्टें.
दुपारी भग्या दारात. वर्षभरात पहिल्यांदा. आधी मुरबाड, मग शहापूर, पुढे तानशाच्या जीपने आला असणार. चपला काढल्या नाहीत, अंगणातच उभा.
"तू हाक मारलीस ती मी ऐकली. लोकांना सांगतो नाय ऐकली. ऐकली होती."
इतके दिवस सुमन समजूत घालायची, गोळीबारात ऐकू आलं नसेल. मी मानत नव्हतो, पण तेवढ्यावरच झोप लागायची. तेही नेलंन मेल्याने. कशाला सांगितलंस? तुझं ओझं उतरलं, माझ्या डोक्यावर आलं!
त्याला अंगणातच सोडलं. आत येऊन हे खरडतोय. सुमनने त्याला बाहेर खाट टाकून दिली, पाणी दिलं. शेवटची एस्टी आत्ताच गेली, तरी उठत नाही. सुमन विचारतेय भात किती जणांचा टाकू.