पापलेटची सरासरी

३ फेब्रुवारी, सोमवार
जमलं! मॉडेल तीनदा चालवलं, तीनदा तेच उत्तर — आपल्या पट्ट्यातलं पापलेट सावरतंय!

सत्तावीस आठवडे, चार हजार एकशे बारा मासे. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत एकेक मोजलाय मी. सरासरी बावीस सेंटीमीटर! पाच वर्षांपूर्वी सतरा होती. म्हणजे जाळ्यात येण्याआधी मासा वाढतोय, एकदा तरी अंडी घालतोय. मग पावसाळ्यानंतर आणखी दोन महिने पापलेटची मासेमारी बंद ठेवायचा प्रस्ताव कशाला हवा? नकोच. आणि हे सरकारला सांगणार कोण? अँटॉप हिलच्या क्वार्टर्समधली आरोही, जिला आई अजून घरात सुरमई कापू देत नाही!

६ फेब्रुवारी, गुरुवार
सौमित्र सरांना आकडे दाखवले. विभागप्रमुख ना, चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "इतकं छान? नमुना कसा घेतेस?"

कसा म्हणजे? दर मंगळवारी, सकाळी सहाला, धक्क्यावर, सहा बोटी, प्रत्येकीची एक टोपली. एक आठवडा चुकवला नाही, तापातसुद्धा गेले. "तरी एकदा तपासून बघ," म्हणाले. एसीत बसून शंका काढायला काय जातं! राग आला. अजून आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
धक्का. रखमामावशी नसती तर माझं काय झालं असतं देव जाणे. सहाही बोटींचा माल तीच लिलावात लावते, सगळे तिला टरकून असतात. पहिल्या दिवशी खलाशी मला हाकलत होते, तर ही कमरेवर हात ठेवून — "शिकलेली पोर हाय, मोजूं दे तिला!" तेव्हापासून माझ्या सहा टोपल्या बर्फाच्या लादीजवळ तयार असतात. शोधाशोध नाही, भांडण नाही. फटाफट काम.

आज विचारत होती, "बाय, बंदी येनार काय गो?" तिच्या मुलाची, केतनची बोट त्या सहांतलीच. म्हटलं, मावशी, माझा शब्द. येणार नाही. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. दिवसभर गालाला वास! पुसला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
अहवाल पूर्ण. छत्तीस पानं. बाबांनी चष्मा लावून पहिलं पान दोनदा वाचलं, म्हणाले, "मराठीत असतं तर कळलं असतं." पण फाइल शेजारच्यांकडे दाखवून आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सरकारी अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण २४ला. हिरवी साडी. ठरलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
लालबागहून चिवडा घेऊन गेले धक्क्यावर. मावशीला सांगितलं, अहवालात आभार मानलेत तुमचे, नावासकट. लाजली चक्क! मग म्हणाली, "आभार कसले? मीच टोपल्या लावते ना तुझ्यासाठी. बारका मासा कधी ठेवला काय तुझ्यापुढं? पावनी तू! चांगला चांगला निवडून ठेवते, सहाही बोटींतला."

मी हसले. खरंच हसले, कारण आधी कळलंच नाही. मग विचारलं, बारके कुठे जातात?

तिने मागच्या टोपल्यांवरची ताडपत्री उचलली. चौदा. तेरा. पंधरा. चौदा. तीन टोपल्या तिथेच बसून मोजल्या, सोळाच्या वर एकही गेला नाही. मावशी हौसेने एकेक उचलून माझ्या हातात देत होती.

सरांना फोन करून अहवाल मागे घेतला. मावशीला अजून काहीच सांगितलेलं नाही. निघताना तिने चिवड्याच्या रिकाम्या डब्यात चार मोठी पापलेटं घालून दिली.