डांबरावरून उतरणार नाही

१९ नोव्हेंबर १९७२, रविवार

हौसाबाई सकाळी सांगून गेली. लिंबाच्या वळणावर ती दुष्काळी कामाची खडी फोडायला जाते. तिथे कुणीतरी दगड मांडलाय, शेंदूर फासलाय. "लोक सायकलबाबा म्हन्त्यात, बाई. तुमाला कुनी बोललं न्हाई?"

नाही बोललं. मला कोण बोलणार? वळण तेच, झाड तेच. मार्चमध्ये जिथे यांना ट्रकने मागून उडवलं आणि तो थांबलाही नाही. रस्त्यावर उसाचं पाचट सांडलेलं, एवढाच काय तो पुरावा.

म्हणजे आमचे हे आता देव झाले. जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर, म्हशींच्या घशात औषधाची नळी घालणारे, गणपतीत आरती अर्ध्यावर सोडून बिडी ओढायला बाहेर जाणारे. आधी हसू आलं. नंतर दुपारभर काही सुचलं नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

बघून आले. लेकीला, नंदाला, मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं.

दगड साईडपट्टीवरच आहे. अगरबत्तीच्या काड्या, करवंट्या, थोडी चिल्लर. लिंबाखाली बसून राहिले. सोनईकडून ट्रक आला, वळणाआधीच हळू झाला, एक लांब हॉर्न, क्लीनरने नाणं फेकलं. मागून एस.टी. आली, तिनेही तेच. एकही गाडी तिथून जोरात गेली नाही. हे जिवंत असताना यातल्या एकाने तरी ब्रेकला पाय लावला असता का?

यांचं आणि माझं भांडण तेच होतं. रस्ता एका गाडीपुरता. मोठी गाडी आली की सायकलवाल्याने निमूट खाली उतरायचं, हे साऱ्या तालुक्याला मान्य. यांना नाही. "डांबर काय फक्त मोटारींसाठी टाकलंय? मी उतरणार नाही." मी म्हणायचे, उतरलात तर काय कमीपणा येतो? शेवटच्या दिवशीही म्हटलं होतं. डबा देताना.

दगड उचलून ओढ्यात टाकावा असं फार वाटलं. हात लावलाही. बोटांचा शेंदूर घरी येऊन राखेने घासला, नखांत राहिलाच.

४ डिसेंबर, सोमवार

सोनईला शिक्षकांची मीटिंग. परतीची एस.टी. आलीच नाही. बाजारात हौसाबाई भेटली, तिच्या ओळखीने खडीच्या ट्रकमध्ये केबिनला बसलो. ड्रायव्हर पन्नाशीचा, मिशी पांढरी, बोलका. अवंदा ऊस नाही म्हणून खडी वाहतो, गेल्या साली याच रस्त्याने ऊस वाहत होता, असं सगळं आपणहून सांगितलं.

वळण आलं तसा बोलायचा थांबला. हॉर्न दिला, कपाळाला हात लावला. हौसाबाईने मला कोपर मारलं. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं, खरंच काही दिसतं का?

"रोज दिसतो, बाई. पाठमोरा. डांबराच्या मधोमध. हॉर्न दिला तरी उतरत न्हाई."

चेहरा?

"त्यो कसा दिसंल? मागं वळतच न्हाई. क्यारियरला काळी पेटी हाय, सुतळीनं बांधल्याली."

गावात उतरले. त्याला पैसे द्यायचे राहिले, की त्याने घेतले नाहीत, आठवत नाही.

यांच्या औषधांच्या पेटीची कडी हे गेले त्याच दिवशी सकाळी तुटली होती. सुतळी मी बांधली होती.

५ डिसेंबर, मंगळवार

नीट विचार केला. पंचनाम्याला अर्धा गाव जमला होता. पेटी सगळ्यांनी पाहिली, सुतळीही. हा माणूसही बघ्यांत असेल, नाहीतर हौसाबाईनेच कधी सांगितलं असेल. विचारलं तर ती म्हणते, मी न्हाई.

पण त्या सगळ्यांनी यांना पडलेलं पाहिलं. पाठमोरे, सायकल चालवताना, त्या पेटीसह… तसं त्या वळणावर कुणी पाहिलं?

झोप नाही. आणि खरं सांगायचं तर राग वेगळाच येतोय. ड्रायव्हरांना दिसतात, क्लीनरांना दिसतात, एस.टी.च्या कंडक्टरला म्हणे दोनदा दिसले. मला एकदाही नाही. स्वप्नातसुद्धा नाही. निदान भांडायला तरी यायचं होतं.

४ जानेवारी १९७३, गुरुवार. अमावास्या.

नंदाबरोबर हायस्कूलला जाणाऱ्या मुली एकेक करून खडीवर गेल्या. आता सोनईपर्यंत एकटीच चालत जाते, चालत येते. आज म्हणाली, बाबांची सायकल दे. चाक सरळ करून आणलेली सायकल मार्चपासून मागच्या पडवीत गोणपाटाखाली आहे. मी नाही म्हटलं. शेजारच्या काकूंनी ऐकलं, त्यांनीही दोन शब्द सुनावले, मुलीच्या जातीने सायकल, आणि तीही ती सायकल!

नंदा म्हणाली, "मग शाळा सोडू का?" आवाज चढवला नाही. अगदी यांच्यासारखी.

हौसाबाईकडून कळलं, तो पांढऱ्या मिशीचा दर अमावास्येला वळणावर नारळ फोडतो. दगडही पहिल्यांदा त्यानेच आणून ठेवला, असं मुकादम म्हणतो.

१५ जानेवारी, सोमवार

गेली सायकलवर. दांडीखालून पाय घालून, वाकडी होऊन. दोन महिन्यांत सीटवर बसेन म्हणते. काकूंनी दार लावून घेतलं.

शपथ घ्यायला लावली. मागून गाडीचा आवाज आला की खाली उतरायचं, वाद घालायचा नाही. तर म्हणते, "उतरू कुठे? दोन्ही अंगांना खडीचे ढीग आहेत." खरं आहे. रुंदीकरणाच्या नावाखाली साईडपट्टी पार बुजवून टाकलीय. मोटारींनी थांबायचं नाही आणि सायकलीला उतरायला जागा नाही.

माझ्या वर्गातून वळणावरचा हॉर्न ऐकू येतो. आज चौथीला भागाकार शिकवला, काय शिकवला देव जाणे. पोरं हॉर्न वाजला की माझ्या तोंडाकडे बघायला लागली आहेत.

२२ जानेवारी, सोमवार

जेवताना नंदा सांगत होती. एक खडीचा ट्रक आहे, सुटायच्या वेळेला रोज भेटतो. मागून येतो आणि पुढे जातच नाही. हॉर्नही देत नाही. वळण संपेपर्यंत तिच्या मागे मागे, बैलगाडीसारखा. मग रस्ता मोकळा झाला की लांबून वळसा घेऊन जातो. "ड्रायव्हर म्हातारा आहे, पांढऱ्या मिशीचा. चांगला आहे गं."

पातेल्यातली आमटी तिच्या ताटाबाहेर वाढली.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज शनी-अमावास्या, शिंगणापूरला जाणाऱ्यांची रस्त्यावर रीघ. शाळा सकाळची. दुपारी वळणावर जाऊन बसले. तो येणार हे ठाऊक होतं.

आला. ट्रक लांब उभा केला, नारळ फोडला. मला पाहिलं तेव्हा डोक्यावरची टोपी काढली. म्हणजे मी कोण ते आता त्याला कळलं होतं. रस्ताकाम पुढे सरकलंय, दगड काढणार असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

"दगुड काढू देऊ नका, बाई. त्याच्या भ्यानं समदे हळू जात्यात."

मी विचारलं, तुम्ही कशाच्या भ्यानं जाता?

तो करवंटीचे तुकडे गोळा करत राहिला. मी तिथून हलले नाही. शेवटी खाली बघूनच म्हणाला, "पोर चांगली चालवती. त्येंच्यावानीच. कितीबी जवळ जा, दचकत न्हाई, उतरत न्हाई."

आणि ट्रककडे गेला. काय बोलायला हवं होतं ते घरी आल्यावर सुचलं, सगळं, शिव्यांसकट.

५ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकून फौजदाराकडे निघाले होते. अर्ध्या वाटेवरून परत.

काय सांगणार? एका ड्रायव्हरला माझ्या नवऱ्याचं भूत दिसतं, आणि ते पाठमोरं दिसतं? साहेब चहा पाजतील आणि घरी पाठवतील. बरं, समजा खरं मानलं. धरला त्याला. मग त्या ट्रकवर दुसरा येईल, वीस-बावीसचा, खेपा मारायची घाई असलेला. दगडाची गोष्ट उघडी पडेल, लोक हसतील, आणि महिनाभरात वळणावर गाड्या पहिल्यासारख्या सुसाट.

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटतो. आणि शाळा सुटायची वेळ झाली की तोच तिच्या मागे असावा असंही वाटतं. दुसरा कुणी नको. हे कुणाला सांगायचं? यांना सांगितलं असतं.

घरी आले तर ओव्हरसियर ओट्यावर बसलेले. दगड रस्त्यात येतो, मजूर हात लावायला तयार नाहीत, तुम्ही घरच्या, तुम्ही हो म्हटलंत तर हलवतील. सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने तरी…" मी म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ द्या, मग सांगते. शिकलेली बाई!

१० मार्च, शनिवार

वर्षश्राद्ध झालं. कावळ्याने लगेच घास घेतला. बायका म्हणाल्या, इच्छा राहिली नव्हती. मला पटलं नाही.

ओव्हरसियरला अजून काही कळवलेलं नाही. मजुरांनी आपलं आपण ठरवलं, दगड तसाच ठेवून त्याच्या भोवतीने खडी पसरली. वर मुरूम टाकून रोलर फिरवला. रोलरवालाही तिथे हळू झाला, हौसाबाई सांगत होती.

नंदा आता सीटवर बसते. रात्री मी भाकरी करत होते, ती चुलीपाशी बसली होती.

"आई, साईडपट्टी छान झालीय. आता उतरायला जागा आहे. सोमवारी खाली उतरून त्या ट्रकवाल्या बाबांना पुढे जा म्हणून हात करू का? किती दिवस बिचारे माझ्या मागे राहणार?"

तिला काही माहीत नाही. बिचारे म्हणाली.

दोन महिने मीच तिला सांगत होते, उतर म्हणून. यांनाही तेच सांगत होते. आता ती विचारतेय तर हो म्हणवेना. तव्यावरची भाकरी करपली, तिनेच ती उलटली.

"सोमवारी सकाळी सांगते," म्हटलं.

उद्या रविवार आहे.