बोअरचं गाणं

सर,

तुम्ही जाऊन वीसएक वर्षं झाली. अंत्ययात्रेला मी आले नव्हते. त्या दिवशी चिकलठाण्याच्या एका कामगार वसाहतीत माझा कार्यक्रम होता. तो सहज पुढे ढकलता आला असता, पण मी ढकलला नाही, उलट नेहमीपेक्षा एक गाणं जास्तच म्हटलं. हे तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा होती, आणि कळायची सोयच उरली नव्हती, याचाही राग आला.

दर शनिवारी दुपारी तुमच्या घरी कवितेचा वर्ग भरायचा आणि त्याला नियम एकच, कविता निनावी वाचायची. आम्ही आपापले कागद तुमच्याकडे द्यायचो, तुम्ही तो गठ्ठा माझ्या हातात ठेवायचात, आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून सगळ्या कविता एकाच वहीत, माझ्या अक्षरात उतरवायचे. म्हणजे कुणाची कोणती, ते कुणालाच कळू नये. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलेलं. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, चहा गाळता गाळता म्हणायच्या, "सावकाश लिही गं, ते थांबतील." तुम्ही म्हणायचात, "ओळ बघा, ओळ लिहिणाऱ्याचं तोंड बघू नका." जयंतीच्या कार्यक्रमांत पेटी घेऊन गाणाऱ्या बापाची मी मुलगी. माझं आडनाव बाजूला ठेवून माझी ओळ वाचणारे तुम्ही पहिलेच. तो नियम मला केवढा वाटला होता, याची तुम्हाला कल्पना नाही.

मग तो दुष्काळ आला. गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की वर्ग अर्ध्यावर उठायचा आणि होते नव्हते ते सगळे कवी घागरी घेऊन रांगेत. तुम्ही अंगणात बोअर घेतलं, ते कोरडं गेलं. त्याच आठवड्यात गठ्ठ्यात एक कागद तुमच्या हातचा निघाला, उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर, जांभळ्या शाईतला.

अंगणात मशीन घरघरलं दिवसभर,
पाण्याच्या नावानं पीठच पडलं.

पुढे आणखी चौदा ओळी. मी त्याही वहीत उतरवल्या. शनिवारी वाचल्या, तर पोरांनी पार चिंध्या केल्या. लासूर स्टेशनहून येणारा एक जण म्हणाला, "सर, ही कविता नाय, ही तक्रार हाय. अर्ज लिहून कचेरीत द्या म्हणावं." सगळे हसले, तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "बरोबर आहे. पुढची घ्या." कविता कुणाची ते तिथं मला एकटीला माहीत होतं. मी गप्प बसले, तुमची लाज राखली. पुन्हा तुमचा कागद त्या गठ्ठ्यात कधी आला नाही.

आणि तुम्ही माझी काय राखलीत? कॉलेजच्या संमेलनात मी पहिल्यांदा स्वतःची कविता चालीत म्हटली, वडिलांची पेटी घेऊन. पोरं बाकं बडवत होती. तुम्ही अध्यक्ष. उठलात आणि शांतपणे म्हणालात, "हिच्या कवितेत काहीतरी होतं. पण वळण शेवटी घरचंच. गर्दी दिसली की गळा काढायचा." शेवटच्या रांगेत वडील बसले होते, कंपनीची पहिली पाळी करून तसेच आलेले, अंगावर कंपनीचाच शर्ट. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चांगलं म्हनलीस. सर मोठं मानूस हाय, आपल्याला त्यातलं कळत नाय." त्यानंतर वडिलांनी माझ्यासमोर पेटी उघडली नाही. तुम्हाला मी बाकी काहीही माफ करीन, एवढं नाही. तोंड न बघता ओळ वाचायला शिकवलंत आणि एका वाक्यात भर सभेत माझं घर वाचून दाखवलंत.

पुढच्या शनिवारी मी आले ती फक्त वही न्यायला. बाईंना सांगितलं, सरांनी मागितलीय. साफ खोटं.

पुढचं तुम्ही अर्धंमुर्धं ऐकलं असेलच. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं. जिथं ज्वारी होती तिथं प्लॉट पडले, आणि प्रत्येक नव्या वसाहतीला गाणं हवं होतं. मी गिटार शिकले, स्वतः लिहून स्वतः गायला लागले. बजाजनगरात पाळी सुटल्यावर माणसं उभ्यानं ऐकायची. "ताई, लई भारी, आमच्या मनातलं बोलल्या," असं बाया हात धरून सांगायच्या. आणि तुमचे सगळे सोबती नाटकगृहात पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसायचे, चहाला भेटले की म्हणायचे, "कवयित्री गेली, गाणारी उरली." वसाहतीतल्या काहींना पुन्हा गिटारच खुपायची. "हे काय विलायती? बापावानी पेटी घ्या की." एकाला जे आवडायचं त्यावर दुसरा नाक मुरडायचा, आणि मी मध्ये.

मग तुम्ही गेल्यानंतरच्या एका कोरड्या उन्हाळ्यात वही काढली आणि तुमच्या सोळा ओळींना चाल लावली. मुद्दाम लावली. म्हटलं, यांची कविता गर्दीपुढं गळा काढून म्हणायची, आणि नाव घ्यायचं नाही. निनावी हा नियम तुमचाच, आणि अक्षर तर माझंच होतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सूड उगवल्याचा आनंद झाला.

ते गाणं मात्र सगळ्यांना आवडलं. बजाजनगरातून हाक येते, "ताई, ते बोअरचं म्हणा, बाकीचं ऱ्हाऊ द्या." आणि तुमच्या मित्रांपैकी जे सगळ्यात कडक, त्यांनी लिहिलं की या एका गाण्यात कवयित्री अजून जिवंत आहे. पेपरातलं ते कात्रण मी फाडलं, मग चिकटवून ठेवलं.

गेल्या रविवारी कार्यक्रमानंतर तुमची मुलगी भेटायला आली. केस पिकलेत, हनुवटी तुमची. म्हणाली, "बाबा कविता करायचे म्हणे. आम्हाला कधी एक दाखवली नाही, आणि गेल्यावर कपाटात एक कागद सापडला नाही. पण तुमचं ते बोअरचं ऐकलं की बाबा अंगणात उभे दिसतात. आमचंही कोरडं गेलं होतं. कुणाचं आहे हो ते?"

मी म्हटलं, "माझंच."

तिनं माझे हात हातात घेतले. तुमच्यावर इतकी पूर्ण मात मी कधी केली नव्हती. तिचा नंबर माझ्याकडे आहे, वहीही आहे. हे पत्र लिहायला घेतलं ते वहीबरोबर तिला द्यायचं म्हणूनच. पण देणार नाही. तुमच्यावरचा राग हे कारण मला पुरलं असतं, ते खरंही आहे, पण आज ते कारण नाही. तिला वही आणि हे पत्र दिलं तर त्या गाण्याखाली तुमचं नाव येईल, आणि मग सगळ्यांना आवडलेलं असं माझं एकही गाणं उरत नाही.