यंदाचं गाऱ्हाणं

प्रिय सुबोध,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं, पण तू माझा पाठचा भाऊ, तेव्हा असू दे. शकुमावशीकडून तुझा निरोप मिळाला. "चतुर्थीला येतोय, ताईला सांग गाऱ्हाणं लिहून ठेव." वा रे वा. जणू मधल्या वर्षात काही घडलंच नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि या वेळी माझं बोलणं पुरं व्हायला हवं. म्हणून पत्र. मुलुंडच्या मित्राच्या खोलीवर तुला वाचायला वेळच वेळ असेल.

आधी घरची खबर. तुझ्या बायकोचं, माधुरीचं मनगट बरं आहे. कणीक मळताना अजून दुखतं, म्हणून पोळ्या आई करते. आईने तुझा फोटो भिंतीवरून काढलेला नाही, पण पुसतही नाही. तुझी लेक प्रांजल चौथीत गेली. लिफ्टचं दार वाजलं की ती पूर्वी वह्या आवरून कोपऱ्यात जायची, आता जागची हलत नाही. तुझं घर तुझ्यावाचून छान चाललंय. हे तुला लागावं म्हणूनच लिहितेय.

बाबांची आठवण आली. आपल्या विक्रोळीच्या चाळीत गणपतीसमोर सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे ते. देवाला एकेक मागणं सांगायचे आणि प्रत्येक मागण्यापाठोपाठ अख्खी चाळ 'व्हय म्हाराजा' म्हणायची. आपल्या कोकणातल्या माणसांत तो केवढा मान. बाबा कंपनीत साधे फिटर, पण त्या दिवशी मॅनेजर समोर आला असता तरी त्याने हातच जोडले असते. चाळीची बिल्डिंग झाली, बाबा गेले, मान तुझ्याकडे आला, कारण तुझा आवाज थेट त्यांचा. आवाज त्यांचा घेतलास, हात कुणाचा घेतलास देव जाणे. त्यांनी आईला कधी अगंतुगंच्या पुढे शब्द वापरला नाही. आणि गाऱ्हाण्याचे शब्द तर तुझ्याकडे कधीच नव्हते. दरवर्षी लिहायचं मी, म्हणायचं तू, पाठीवर थाप तुला.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला माधुरीने तुला ओवाळलं आणि संध्याकाळी तू तिचं मनगट मोडलंस. समोरच्या राधाकाकूंनी दार ठोठावलं, तेव्हा तू आतून काय ओरडलास ते साऱ्या मजल्याने ऐकलं. "आमच्या घरात तुमच्या लोकांचं काय काम!" मला वाटतं तुझ्या सगळ्या कर्मांत हेच सर्वांत महागात पडलं. राधाकाकू ओरडल्या नाहीत. "दार उघडशील तेव्हा उघड, मी बसलेय," म्हणाल्या आणि उंबऱ्यापाशी मांडी घालून बसल्या. मग त्यांच्या सुना आल्या. मग आपल्याकडच्या आल्या. मालनआजी स्टूल घेऊन आली. शेवटी तू दार उघडलंस तेव्हा तुला बाहेर पडायला वाट नव्हती आणि माधुरीला मात्र सगळ्यांनी वाट करून दिली. हॉस्पिटलला तिच्यासोबत राधाकाकूच गेल्या, पोलीस चौकीतही. पुढे कोर्टाने तुला बिल्डिंगमध्ये पाऊल टाकायला बंदी केली ते तुला माहीतच आहे.

त्यानंतरचं तुला कुणी सांगितलं नसेल. राधाकाकूंचे यजमान भाऊराव त्यांच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष. आपलं गणपती मंडळ आणि ती कमिटी म्हणजे हॉलच्या तारखांवरून नि भोंग्याच्या आवाजावरून कायम विळ्याभोपळ्याचं सख्य. तुझ्यामुळे दोघं पहिल्यांदा एका सतरंजीवर बसले. चौकीतल्या महिला कक्षाच्या बाई येऊन समजावून गेल्या की कुणाच्या घरातून मारझोड ऐकू आली तर काय करायचं. दार वाजवायचं, एकटीने नाही जायचं, निघून नाही यायचं, फोन लावायचा. ते सोसायटीच्या नियमांत गेलं. भाऊरावांनी आणखी एक मांडलं. घरात हात उचलणाऱ्याला जयंतीत कुठलंही पद नाही, भाषण नाही, हारतुरा नाही. त्यांच्या कमिटीने ते लगेच मंजूर केलं.

आपल्या मंडळात मात्र वाट लागली. तुझा जिगरी देवदत्त अध्यक्ष. म्हणे, घरातली भांडणं मांडवात कशाला, देवाच्या कामात राजकारण नको. माना डोलायला लागल्या. मग मी उठले. मंडळाच्याच स्पीकरला मोबाईल जोडला आणि गेल्या वर्षीचं तुझं गाऱ्हाणं लावलं. काय आवाज लागला होता रे तुझा. "जो कोण घरच्या बायलमाणसार हात उगारीत असात, तेका ह्या मांडवात उभो करू नको रे म्हाराजा!" आणि पाठोपाठ सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा', त्यात देवदत्तचं सगळ्यांत मोठं. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मालनआजी तेवढी म्हणाली, "देवासमोर व्हय म्हटलास मा? मग आता नाय कसा म्हणतलास?" देवदत्तने मुकाट हात वर केला. नियम तुझ्याच शब्दांत लिहून घेतलाय, कान्यामात्रेचा फरक नाही. शेजारच्या बिल्डिंगांनी तो मागून नेला. सगळे त्याला 'सुबोधचा नियम' म्हणतात. तुझं नाव व्हावं अशी तुझी फार हौस होती, झालं. मला त्या दिवशी रात्रीचं जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

आता ते वाक्य गाऱ्हाण्यात आलं कसं, ते सांगते. गेल्या श्रावणात माधुरी मला वाढायला वाकली तेव्हा पदर सरकला आणि मानेवर उठलेली तुझी बोटं दिसली. तिने घाईने पदर ओढून घेतला. घरी येऊन तुझं गाऱ्हाणं लिहिलं आणि ते वाक्य मुद्दाम घातलं. वाटलं, वाचताना तुझी जीभ अडेल, निदान एकदा माझ्याकडे बघशील. तू म्हणालास, "झकास गं ताई, बायका खूश होतील." आणि छाती काढून म्हटलंस. माधुरी पहिल्या रांगेत उभी होती. त्याच क्षणी मी ठरवलं की हे वाक्य तुला सोडणार नाही.

तर तुझा निरोप शिरसावंद्य. यंदाचं गाऱ्हाणं मी लिहून ठेवलंय. फक्त ते माधुरी म्हणणार आहे. आई रोज तिच्याकडून पाठ करून घेते, आवाज आधी फुटत नव्हता, आता खालच्या मजल्यापर्यंत जातो. तू यायचं नाहीस. देवदत्त सगळं मोबाईलवर लाइव्ह दाखवणार आहे, त्याला मीच बजावलंय. चपला काढ, उभा राहा आणि शेवटपर्यंत ऐक. ते वाक्य यंदाही आहे. ती ते म्हणेल, तेव्हा तिथून का होईना, 'व्हय म्हाराजा' म्हण. तेवढ्याला नियमात बंदी नाही.

तुझीच,
अनुपमाताई